मणक्याचे विकार आणि पिलाटीज : प्रस्तावना

पिलाटीज ही धड ताब्यात ठेवून हातपाय हलवायला शिकवणारी व्यायामपद्धती आहे. पोट, कंबर, ओटीपोटाचा तळ आणि पाठीचा कणा यांच्याभोवतीचे खोलवरचे स्नायू श्वासाच्या लयीत, सावकाश आणि मोजक्या आवर्तनांत कामाला लावायचे, एवढे तिचे सूत्र. वजने नाहीत, उड्या नाहीत, धाप लागेपर्यंत धावणे नाही. बऱ्याचशा हालचाली उताणे पडून, कुशीवर, पालथे किंवा हातागुडघ्यांवर राहून होतात. त्यामुळे कंबर धरलेल्या, सायटिकाने हैराण झालेल्या किंवा उतारवयात हाडे ठिसूळ झालेल्या माणसालाही त्या झेपतील असे वाटते. ते बरेचसे खरे आहे, पण पुरते नाही. मूळ पद्धती धडधाकट शरीरासाठी रचलेली होती आणि तिच्यातले काही व्यायाम मणक्याच्या रुग्णाला सरळ अपाय करतात. म्हणून कोणत्या दुखण्यात कोणती हालचाल ठेवायची आणि कोणती गाळायची, हा प्रश्न पहिला येतो. यंत्रे, स्टुडिओ आणि नाव त्याच्या मागून.

उदाहरणाला लातूर जिल्हा घ्या. तेथे पाठदुखीची कारणे रोजच्या कामातच सापडतात. खरिपाचा मोठा हिस्सा सोयाबीनचा. त्याची काढणी अजूनही बऱ्याच शेतांत विळ्याने, कमरेत वाकून होते. खुरपणी उकिडवे बसून. मळणी झाली की कट्टे भरायचे, गाडीत चढवायचे आणि मार्केट यार्डात ते हमालाच्या पाठीवरून उतरायचे. डाळ मिलमध्ये पोती पुन्हा उचलली जातात. शहराच्या दुसऱ्या भागात ‘लातूर पॅटर्न’चे नाव ऐकून आलेली मुले शिकवणी वर्ग, अभ्यासिका आणि वसतिगृहाची खाट यांच्यात दिवसाचा बहुतेक वेळ मान खाली घालून बसलेली असतात. काढणी करणारी बाई, हमाल आणि ‘नीट’चा विद्यार्थी या तिघांचीही तक्रार ‘पाठ भरून येते’ अशीच असते, पण आतले कारण एक नसते.

कण्यात ३३ मणके असतात. खालचे नऊ एकमेकांना जुळून त्रिकास्थी आणि माकडहाड बनलेले, वरचे २४ हलणारे. हलणाऱ्या मणक्यांमध्ये गादी असते: आत मऊ गर, भोवती तंतूंचे चिवट कडे. सर्वाधिक भार कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या आणि पाचव्याच्या खालच्या गादीवर पडतो, आणि ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ ही निदाने बहुतांशी याच दोन जागांची असतात. जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवून रोजच्या हालचालींची नोंद घेतली. हा स्वयंसेवक स्वतः अस्थिशल्यचिकित्सक होता. उताणे पडल्यावर गादीतला दाब ०.१ मेगापास्कल, उभे राहिल्यावर ०.५, उभ्याने पुढे वाकल्यावर १.१ भरला. २० किलो वजन पाठ वाकवून उचलताना तो २.३ वर गेला. तेच वजन गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून उचलले तेव्हा १.७ राहिला. मोजणी एकाच माणसाची आहे, तरी तिने प्रमाण कळते. सोयाबीनचा कट्टा तर २० किलोच्या दुपटीहून जड असतो. उताणे पडल्यावर गादीवरचा भार उभे असतानाच्या पाचव्या हिश्श्यावर येतो, आणि हे व्यायाम सतरंजीवर पडून सुरू करण्याचे कारण हेच.

उसण भरली की मराठवाड्यात पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत होती. खेड्यांत ती अजून पूर्ण गेलेली नाही. साधी उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपणच उतरते, त्यामुळे पायाळूला, शेकण्याला, मालिशवाल्याला आणि गोळीलाही यश येतच राहते. अडचण पुढे असते. कण्याला लगटून एका मणक्यापासून वरच्या मणक्यापर्यंत जाणारा मल्टिफिडस नावाचा आखूड स्नायू पहिल्याच दुखण्यात, दुखऱ्या बाजूला, बारीक होतो. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की वेदना गेल्यावरही तो आपोआप भरून येत नाही. त्याच रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला. ज्यांना या स्नायूचा खास व्यायाम दिला होता त्यांच्यापैकी ३० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा दुखले. ज्यांना दिला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ८४ टक्के होते. पाठ ‘बरी झाली’ म्हणून कामाला लागलेला माणूस पुढच्या काढणीला पुन्हा का धरला जातो, याचा मोठा भाग या आकड्यांत आहे.

मल्टिफिडस एकटा काम करत नाही. धडाचा मधला भाग डब्यासारखा बंद असतो: वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मल्टिफिडस आणि पुढून-बाजूंनी पट्ट्यासारखा वेढा घालणारा पोटाचा आडवा स्नायू. निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलण्याच्या अंशभर आधी हा आडवा स्नायू आवळतो. पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये मोजले तेव्हा जुन्या कंबरदुखीच्या लोकांत तो उशिरा आवळत असल्याचे दिसले. म्हणजे स्नायूत ताकद असूनही वेळ चुकलेली असते. शेकडो बैठका मारणाऱ्या, अंगाने भक्कम हमालाची कंबर एखादी बादली उचलताना का लचकते, याचे एक उत्तर येथे मिळते. नुसती ताकद वाढवणाऱ्या व्यायामापेक्षा सावकाश, लक्ष देऊन करायच्या व्यायामाला मणक्याच्या दुखण्यात जागा मिळाली ती या शोधांनंतर.

पद्धत मात्र त्याहून जुनी आहे. जोसेफ पिलाटीज यांचा जन्म ९ डिसेंबर १८८३ रोजी जर्मनीतील म्योन्शेनग्लाडबाख येथे झाला. लहानपणी दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप यांनी ते खंगलेले होते. शरीर कमावण्याचा ध्यास त्यातून लागला. पहिल्या महायुद्धाच्या आधी ते इंग्लंडला गेले आणि युद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना आधी लँकॅस्टरला व मग आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवण्यात आले. तेथे अंथरुणाला खिळलेल्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांनी व्यायाम करवून घेतले, अशी कथा आहे. पुढच्या यंत्रांची रचना पाहता ती पटण्यासारखी आहे. १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले, पत्नी क्लारासह एट्थ ॲव्हेन्यूवर व्यायामशाळा काढली आणि जॉर्ज बॅलनशिन, मार्था ग्रॅहम यांच्या नर्तकांची ती नेहमीची जागा झाली. आपल्या पद्धतीला ते ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. १९४५ च्या पुस्तकात त्यांनी चटईवरचे ३४ व्यायाम छायाचित्रांसह दिले. १९६७ मध्ये ते वारले, आणि ‘पिलाटीज’ हे नाव रूढ झाले. या नावावर मालकी सांगणारा दावा २००० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळला. नाव सर्वांना मोकळे झाले, तसे ते कोणीही लावावे असेही झाले.

महाराष्ट्राला या कथेचा सूर अनोळखी नाही. १९३७ मध्ये पुण्यात आलेले बी. के. एस. अय्यंगार हेही लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षयाने पिळून निघालेले होते. पाट, दोर, लोड, खुर्च्या यांच्या आधाराने अवघडलेल्या शरीराला आसनात बसवण्याची त्यांची रीत पिलाटीजच्या स्प्रिंगांशी नाते सांगते. मणक्याच्या रुग्णासाठी दोन्हींत शिकण्यासारखी गोष्ट एकच: शरीर पद्धतीत कोंबायचे नाही, पद्धत शरीराला बेताची करायची. औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघर पोहोचवलेल्या सूर्यनमस्कारालाही हाच निकष लागतो. एका नमस्कारात कणा पुढे आणि मागे, दोन्हीकडे टोकापर्यंत जातो. निरोगी पाठीला ते उत्तम, गादी सरकलेल्या पाठीला अनेकदा नको.

पिलाटीज यांचे मूळ ३४ व्यायाम या निकषावर तपासले तर बरेच गळतात. त्यांचा आग्रह कणा सपाट, जमिनीला चिकटलेला असावा असा होता. आजची फिजिओथेरपी कमरेचा नैसर्गिक बाक तसाच राखते. ‘हंड्रेड’ या पहिल्याच व्यायामात डोके व खांदे उचलून धरायचे असतात, आणि तासन्‌तास पुस्तकावर वाकलेल्या मानेला ते आणखी ताणते. पाय डोक्यामागे नेणे, पाठीवर गोल लोळणे, सरळ पायांनी उठून बसत पुढे झुकणे हे व्यायाम गाद्यांवर आणि ठिसूळ मणक्यांवर नेमका नको तो भार टाकतात. ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपी अँड पिलाटीज इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी म्हणूनच या व्यायामांच्या सोप्या पायऱ्या पाडल्या. रुग्णालयांतून शिकवले जाते ते बहुधा हे सुधारलेले रूप.

गादी सरकून पायात कळ जात असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत पुढे वाकणे बंद ठेवावे लागते, कारण वाकल्याने गर मागे, नसेच्या दिशेने ढकलला जातो. पालथे पडून कोपरांवर छाती थोडी उचलणे अनेकांना मानवते. खूण सोपी आहे: पोटरीतली कळ वर सरकत मांडीत, मग कमरेत आली तर दिशा बरोबर, कमरेतली खाली पोटरीकडे उतरली तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा. वेळेलाही महत्त्व आहे. रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगतात आणि पहाटे त्यांवर वाकण्याचा ताण अधिक येतो. उठल्यावरचे पहिले दोन तास वाकणे टाळायला शिकवले की जुनी कंबरदुखी कमी होते, असे १९९८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले. मराठवाड्यातल्या घरात अंगण झाडणे, सडा टाकणे, पाणी भरणे ही वाकण्याची कामे नेमकी त्याच दोन तासांत येतात. लांब दांड्याचा झाडू आणि दोन तास पुढे ढकललेला सडा यांनी जे साधते ते व्यायामाच्या आधी साधून घ्यावे.

कण्याची नळी अरुंद झालेल्यांचे सगळे उलटे. साठीच्या पुढचा माणूस लातूरच्या गंजगोलाई बाजारात शे-दोनशे पावले चालतो, पाय जड होतात, दुकानाच्या पायरीवर पुढे झुकून बसला की बरे वाटते. वाकल्याने नळी थोडी रुंद होते म्हणून आराम पडतो. त्याला गुडघे छातीशी घेणे चालते. पालथे पडून छाती उचलण्याचा व्यायाम, जो गादीच्या रुग्णाला दिला, तो याला देऊ नये. दोघांचाही ‘एमआरआय’ हातात घेऊन शेजारी एकमेकांना व्यायाम सांगतात, तिथे घोटाळा होतो. एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरलेला असेल तर मागे झुकणे टाळून, बाक राखून, हातपायांच्या छोट्या हालचाली करणे योग्य.

सर्वांत जास्त जपायचे ते ठिसूळ हाडांच्या स्त्रियांना. मेयो क्लिनिकमध्ये १९८४ मध्ये पाळी थांबलेल्या, मणके ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास झाला. पाठ मागे नेणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांत मणके नव्याने दबले. पुढे वाकणारे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के. काहीच व्यायाम न करणाऱ्यांत ६७ टक्के. गट लहान होते, पण अर्थ स्पष्ट आहे: चुकीच्या दिशेचा व्यायाम न केलेल्या व्यायामापेक्षा वाईट ठरू शकतो. सहा-सात बाळंतपणे झालेली, पाठीला पोक आलेली आजी पोट कमी करायला म्हणून उठून बसण्याचे व्यायाम करते तेव्हा तिला थांबवायला हवे. पालथे पडणे जमत नसेल तर खुर्चीवर बसून खांद्याची पाती मागे ओढणे, भिंतीला पाठ लावून उभे राहून हात वर सरकवणे यांनी काम भागते.

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा विकार तरुण वयात धरतो. सकाळी कंबर ताठलेली असते, विश्रांतीने वाढते आणि हालचालीने सुटते. येथे पिलाटीज विशेष उपयोगी पडते, कारण बरगड्या बाजूंना फुलवणारा श्वास आणि पाठ मागे नेणारी हालचाल या दोन्हींची या रुग्णाला रोज गरज असते.

सुरुवातीचा व्यायाम बाहेरून पाहणाऱ्याला व्यायामच वाटत नाही. सतरंजी दुहेरी घालून उताणे पडायचे, गुडघे उभे, टाचा बैठकीच्या हाडांच्या रेषेत. मान मागे पडत असेल तर डोक्याखाली टॉवेलची एक घडी. कमरेखाली तळहात कसाबसा सरकेल एवढी पोकळी राहू द्यायची. ती दाबून सपाट करायची नाही, वाढवायचीही नाही. दोन्ही हातांची बोटे कटीच्या पुढच्या हाडांच्या किंचित आत ठेवायची. नाकाने श्वास घेताना बरगड्या बाजूंना रुंदावतात. तोंडाने सोडताना लघवी रोखून धरावी तसा तळ हलकेच वर ओढायचा. बोटांखाली पोट टणक फुगून वर आले तर जोर जास्त झाला. आत हळूच ताणले गेल्यासारखे वाटले तर आडवा स्नायू सापडला. हा ताण पूर्ण जोराच्या पाव हिश्श्याएवढाच धरायचा. मग श्वास सोडत एक पाऊल जमिनीवरून चार बोटे उचलायचे. कटी डुलली, कंबर उचलली गेली किंवा श्वास अडकला की पाऊल खाली. आठ-दहा वेळा एका बाजूने, तेवढेच दुसऱ्या बाजूने. उठताना सरळ उठून बसायचे नाही. कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठायचे. पहिला आठवडा यातच जातो, आणि जायला हवा. पाऊल उचलूनही कटी हलेनाशी झाली की गुडघा काटकोनात वर, मग हातागुडघ्यांवर राहून विरुद्ध हातपाय लांबवणे, कुशीवर गुडघे उघडणे, पाय रोवून कंबर उचलणे अशा पायऱ्या येतात.

सरकत्या पाटाचे रिफॉर्मर, खांबांचे कॅडिलॅक ही यंत्रे मुंबईत यास्मिन कराचीवाला, समीर व नम्रता पुरोहित यांच्या स्टुडिओंमुळे आणि सिनेकलाकारांच्या छायाचित्रांमुळे प्रसिद्ध झाली, आणि पिलाटीज म्हणजे श्रीमंतांचा शौक असा समज त्यांनीच पसरवला. मणक्याच्या रुग्णाला त्यांच्यावाचून अडत नाही. लागतो तो निदान वाचून व्यायाम निवडणारा माणूस. लातुरात महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ फिजिओथेरपी हे महाविद्यालय आहे, विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे, आणि खासगी फिजिओथेरपिस्टही आहेत. फिजिओथेरपीची पदवी चार वर्षांहून अधिक काळाची असते व राज्यात या व्यावसायिकांची नोंदणी परिषदेकडे होते. पिलाटीज शिकवणाऱ्यासाठी तशी कोणतीही सक्ती नाही. शनिवार-रविवारच्या वर्गातून प्रमाणपत्र घेतलेला जिमचा प्रशिक्षक निरोगी माणसाला चांगले शिकवीलही, पण गादी सरकलेल्या रुग्णाने आधी फिजिओथेरपिस्टकडून हालचालींची दिशा ठरवून घ्यावी. मोबाइलवरचे व्हिडिओ त्यानंतर.

या पद्धतीकडून किती अपेक्षा धरावी, हे अभ्यासांनी बऱ्यापैकी ठरवून दिले आहे. कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये ५१० रुग्णांच्या १० चाचण्या एकत्र तपासल्या. काहीच न करण्यापेक्षा किंवा नाममात्र उपचारापेक्षा पिलाटीजने वेदना आणि अडचण कमी होते. मात्र इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठाम पुरावा त्यात मिळाला नाही. २०२१ मध्ये दोनशेहून अधिक चाचण्यांची तुलना करणाऱ्या एका विश्लेषणात पिलाटीज जुन्या कंबरदुखीवरच्या अधिक गुणकारी व्यायामप्रकारांत आले. दोन्ही निष्कर्षांचा मेळ घातला तर पिलाटीज हा एक चांगला पर्याय ठरतो, एकमेव नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत जुन्या कंबरदुखीसाठी व्यायाम आणि रुग्णाला समजावून सांगणे यांची शिफारस आहे, आणि कमरेचे पट्टे व ओढ (ट्रॅक्शन) यांविरुद्ध सल्ला आहे. औषधाच्या दुकानातून आणलेला पट्टा वर्षानुवर्षे बांधून काम करणाऱ्यांची संख्या पाहता हा भाग मराठीत जास्त पोहोचायला हवा.

काही पाठी व्यायामाच्या नसतातच. लघवी-शौचाचा ताबा जाणे, बसण्याची जागा बधिर होणे, पाऊल लोंबू लागणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. त्यात तासांचा हिशेब असतो. संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेले वजन, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर क्षयाची शंका घ्यावी, कारण हाडांच्या क्षयापैकी जवळपास निम्मा मणक्यातच होतो. कर्करोगाचा इतिहास, पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांत डॉक्टरांच्या परवानगीशिवाय एकही हालचाल सुरू करू नये.

चाचण्यांतून व्यायाम साधारण आठवड्यातून दोनदा-तीनदा, सहा ते बारा आठवडे दिलेला दिसतो. सोयाबीनच्या काढणीत किंवा परीक्षेच्या महिन्यात एवढी सवड निघत नाही. रोजची पंधरा मिनिटे निघतात आणि चालतात. पण सतरंजीवर कमावलेला ताबा उभ्या कामात आपोआप उतरत नाही, तो उतरवावा लागतो. शेवटच्या आठवड्यांत उकिडवे बसून उठणे, मांड्या व नितंबांतून वाकणे, पायरी चढणे यांत तोच श्वास व तोच हलका ताण धरायला शिकतात. खुरपणारीला दर अर्ध्या तासाने उभे राहून कंबर मागे नेण्याची सवय लावली जाते. हमालाच्या बाबतीत कट्टा उचलण्याचा सराव आधी रिकाम्या पोत्याने, मग दहा किलोच्या भराने आणि अंगाशी घेऊन होतो. पूर्ण भार दोन माणसांनी मिळून उचलून पाठीवर देण्याची यार्डातली जुनी पद्धत मणक्याच्या दृष्टीनेही योग्य आहे आणि ती तशीच ठेवावी.